पिस्तुलाची स्प्रिंग किती पाउंडाची हवी?

बालेवाडीच्या रेंजवर पंचवीस मीटरच्या लेनमागे थोडा वेळ टेकलं, की एक सल्ला हमखास कानावर येतो: "झटका जास्त लागतोय ना? मग जड स्प्रिंग टाक." देणारा मनापासून देतो आणि घेणाराही खूश होतो. पिस्तुलातली जवळपास सगळ्यात स्वस्त वस्तू बदलून गुण वाढणार असतील तर कोणाला नको आहेत?

पण जड स्प्रिंगने झटका कमी होतो ही समजूत थोडीशीच खरी आहे. रिकॉइल स्प्रिंग म्हणजे स्लाइडला, पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला, पुढे ढकलणारी स्प्रिंग. ती जड केली की स्लाइडचा मागे जातानाचा वेग जेवढा घटतो, त्यापेक्षा पुढे येतानाचा वेग जास्त वाढतो. झटक्यापासून सुटका करून घ्यायला निघालेला नेमबाज बरेचदा दुसराच एक झटका विकत घेऊन येतो. हे नुसतं बोलून पटत नाही, आकडे मांडले की पटतं. आकडे सोपे आहेत, अकरावीच्या फिजिक्सपलीकडचं त्यात काही नाही.

आधी एक फैर झडते तेव्हा आत काय होतं ते बघू. उदाहरणाला नऊ मिलिमीटरचं काडतूस घेतो, कारण त्याची मापं जगभर ठरलेली आहेत. (आपल्याकडे ते सामान्य परवान्यावर मिळत नाही, इथे ते फक्त गणितापुरतं.) युरोपीय मानकाप्रमाणे या काडतुसातला दाब जास्तीत जास्त २३५ मेगापास्कल. नऊ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर इतका दाब म्हणजे जवळपास १५,००० न्यूटन, दीड टनाचा भार. त्या क्षणी रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे दाबून धरत असते ती साधारण ३० न्यूटनने, म्हणजे तीन किलोने. दीड टनापुढे तीन किलो! गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइड जेमतेम दोनेक मिलिमीटर सरकलेली असते. तेव्हा "जड स्प्रिंग टाकली की गोळीचा वेग वाढतो" असं कोणी सांगू लागलं तर चहा मागवून विषय बदलावा.

गोळी पुढे गेली, स्लाइड मागे निघाली. नळी आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र जातात, मग नळी खाली झुकून सुटते आणि स्लाइड एकटीच मागे जाते. जाता जाता रिकामं काडतूस खेचून बाहेर फेकते, हॅमर (काडतूस पेटवायला ठोका देणारी हातोडी) चढवते, स्प्रिंग दाबते आणि शेवटी फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या हातात धरायच्या सांगाड्यावर, आदळून थांबते. मग स्प्रिंग तिला परत पुढे ढकलते. येताना ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, सारते आणि बंद होते. सेकंदाच्या दहाव्या भागात एवढं सगळं उरकतं.

आता हिशोब. गोळी आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३५० मीटर. गोळीचा संवेग २.८ आला, मागून सुटणाऱ्या वायूचा थोडा धरला तर तीनाच्या वर. स्लाइड आणि नळी मिळून अर्धा किलो धरू. म्हणजे स्लाइड सेकंदाला सहा मीटर वेगाने मागे निघते आणि तिच्यात ९ जूल ऊर्जा असते. समोर स्प्रिंग आहे १५ पाउंडाची. ती सुरुवातीला २९ न्यूटनने ढकलते, पूर्ण दबल्यावर ६७ न्यूटनने, आणि स्लाइडचा प्रवास पाच सेंटिमीटर. सरासरी ४८ न्यूटन गुणिले ०.०५ मीटर म्हणजे २.४ जूल.

नऊपैकी अडीच. एवढीच ऊर्जा स्प्रिंग खाते. थोडी हॅमर चढवण्यात जाते, थोडी घर्षणात, आणि उरलेली सगळी फ्रेमवर आदळून सरळ तुमच्या मनगटात.

१५ काढून १७ पाउंडाची टाकली तर? ती २.७ जूल खाईल. हॅमर आणि घर्षण बाजूला ठेवून नुसता स्प्रिंगचाच हिशोब केला, तर फ्रेमवर आदळताना स्लाइडचा वेग ५.१४ होता तो ५.०१ होईल. अडीच टक्के घट. परतीला मात्र स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा पुरती स्लाइडच्या पदरात पडते. तिथे वेग ३.१ वरून ३.३ वर जातो, साडेसहा टक्के वाढ. मागे जाताना अडीच टक्क्यांचा फायदा आणि पुढे येताना साडेसहा टक्क्यांचा तोटा, असा हा व्यवहार आहे. स्लाइड पुढे आदळते तेव्हा पिस्तुलाचं तोंड खाली झुकतं, ते याच परतीच्या वेगामुळे. माझ्यासारख्या मध्यम नेमबाजालाही पुढची निशाणी काळ्या वर्तुळाखाली बुडताना स्पष्ट दिसते. तिथून हात परत वर आणण्यात वेळ जातो.

आणि वेळ हाच तर पंचवीस मीटरचा खेळ आहे. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच फैरी आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार सेकंदांत झाडायच्या असतात. महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारातल्या जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद वळून जातं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. चार सेकंदांत पाच फैरी म्हणजे फैरीमागे एक सेकंदसुद्धा नाही. अशा वेळी पिस्तूल किती जोरात उसळतं याला महत्त्व आहेच, पण ते दर वेळी त्याच जागी परत येतं का, याला जास्त.

स्कूटरच्या शॉक ॲब्सॉर्बरशी तुलना करून लोक इथेच फसतात. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये स्प्रिंगच्या जोडीला तेलाचा डॅम्पर असतो, खड्ड्याचा धक्का तो गिळून उष्णतेत घालवतो. बहुतेक पिस्तुलांत डॅम्पर नसतोच. नुसती स्प्रिंग धक्का गिळत नाही, उधार ठेवून घेते आणि क्षणभराने परत करते. गोळी आणि वायू जेवढा संवेग घेऊन पुढे गेले तेवढाच तुमच्या हातात येणार, मग स्प्रिंग कोणतीही असो. तो कधी येतो, एका ठोशात येतो की दोन हप्त्यांत, एवढंच स्प्रिंगच्या हातात आहे.

मग पाकिटावर १५, १६, १८ असे छापलेले आकडे नेमके कशाचे? स्लाइड पूर्ण मागे गेल्यावर, म्हणजे त्या पिस्तुलात स्प्रिंग जेवढी जास्तीत जास्त दबू शकते त्या लांबीला, ती किती पाउंडाने परत ढकलते त्याचा तो आकडा. १६ पाउंड म्हणजे ७.२६ किलो, किंवा ७१ न्यूटन. १९११ या जुन्याजाणत्या अमेरिकी पिस्तुलाच्या पाच इंची नळीच्या .४५ रूपाला १६ पाउंड ही प्रचलित स्प्रिंग मानली जाते. पण तीच स्प्रिंग दुसऱ्या मॉडेलमध्ये घातली की ती १६ ची राहत नाही, कारण तिथे दबण्याची लांबी वेगळी. म्हणून "माझ्यात सोळाची आहे, तूही सोळाचीच घे" हे वाक्य पिस्तुलाचं नाव सांगितल्याशिवाय बिनकामाचं.

शिवाय हा आकडा प्रवासाच्या फक्त एका टोकाचा आहे. दुसऱ्या टोकाचा, म्हणजे स्लाइड बंद असताना स्प्रिंग किती ढकलते तो, पाकिटावर सहसा नसतो. खरं तर स्लाइड शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये नीट बंद होते की अडखळते हे या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. लांब आणि नरम स्प्रिंग, आखूड आणि ताठ स्प्रिंग, दोघींवर १६ लिहिलेलं असू शकतं. हातात दोघी सारख्या वागत नाहीत.

भोसरी-चाकणला नोकरी करणाऱ्या वाचकांना स्प्रिंगचं सूत्र आठवत असेल: ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलतो. बाकी सगळं तेच ठेवून १.१० मिलिमीटरची तार १.१५ केली, तर स्प्रिंग १९ टक्के ताठ होते. पाच शतांश मिलिमीटर म्हणजे जेमतेम केसाची जाडी. त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या बिननावाच्या स्प्रिंगवरच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. मोजून बघता येतं. दहा किलोचा डिजिटल काटा घ्यायचा, त्यावर एक गुळगुळीत दांडी उभी धरायची, तिच्यात स्प्रिंग ओवायची आणि दांडीवर पूर्ण दबलेल्या लांबीला पेनने केलेल्या खुणेपर्यंत वॉशरने दाबायची. काट्यावर दिसतो तो आकडा खरा. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि दार बंद करून बसलेलं बरं. निसटलेली स्प्रिंग फ्रीजखाली जाते हा निसर्गनियम आहे.

याच काट्यावर एक जुनी खोडही तपासता येते: स्प्रिंग हलकी हवी म्हणून पकडीने दोन-तीन वेढे कापून टाकायचे. आकडे धरून चालू. १६ पाउंडाची, तीस वेढ्यांची, मोकळी लांबी १६५ मिलिमीटर. पिस्तुलात बसल्यावर ती ९५ ची होते, पूर्ण दबल्यावर ४१ ची. बसलेली असताना ती ४० न्यूटनने ढकलते. आता तीन वेढे कापा. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग उलट ताठ होते, त्यामुळे पूर्ण दबल्यावरचा आकडा १६ वरून फक्त १५.४ पाउंडांवर येतो. पण मोकळी लांबी घटल्याने बसलेल्या स्थितीतला दाब ४० वरून ३४ न्यूटनवर घसरतो. मागच्या टोकाला चार टक्के उतरले आणि पुढच्या टोकाला, जिथे स्लाइड बंद व्हायला जोर लागतो, तिथे पंधरा टक्के. पाहिजे होतं त्याच्या नेमकं उलट. कापलेलं टोक खाली रुतून तिरकं बसतं ते आणखी वेगळं.

आतापर्यंत रिकॉइल स्प्रिंगचंच बोललो, पण पिस्तुलात निदान पाच-सहा स्प्रिंगा असतात आणि एकीला हात लावला की दुसरी कुरकुरते. हॅमरमागची मेनस्प्रिंग घ्या. स्लाइड मागे निघते तेव्हा पहिल्या काही मिलिमीटरमध्ये तिला हॅमर चढवावा लागतो. म्हणजे स्लाइडला सुरुवातीला अडवण्यात मेनस्प्रिंगचाही वाटा असतो, आणि तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा मोठा. १९११ ची मूळ मेनस्प्रिंग २३ पाउंडाची. ट्रिगर हलका व्हावा म्हणून लोक ती १९ वर आणतात. ट्रिगर हलका होतोही, पण स्लाइड आता लवकर आणि जास्त वेगाने उघडते. मग झटका वाढला म्हणून रिकॉइल स्प्रिंग जड करतात, मग तोंड झुकतं म्हणून पकड बदलतात. मूळ बदल ट्रिगरसाठी केला होता हे तोवर विसरलेलं असतं.

मेनस्प्रिंग फार हलकी केली की हॅमरचा ठोका कमी पडतो. काडतुसावर खूण उमटते पण फैर झडत नाही. .२२ रिमफायरमध्ये हे जास्त जाणवतं, कारण तिथे ठिणगीचं द्रव्य मध्यभागी टोपीत नसतं, काडतुसाच्या तळाच्या कडेला पसरलेलं असतं आणि ती धातूची कड चांगली चेपली जावी लागते. स्पर्धेत तिसऱ्या फैरीला नुसता "खट्ट" आवाज आला, की वाचवलेल्या दोन पाउंडांची किंमत कळते.

फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या सुईची, स्प्रिंग अशीच दुर्लक्षित. काही पिस्तुलांत पिन मोकळी असते आणि तिला मागे धरून ठेवायला फक्त एक छोटी स्प्रिंग. रिकॉइल स्प्रिंग जड केली, स्लाइड जोरात बंद झाली, की पिन आपल्याच जडत्वाने पुढे झेपावते. म्हणून समजदार कारागीर रिकॉइल स्प्रिंग वाढवताना पिनची स्प्रिंगही नवी घालतो. ही स्प्रिंग हलकी करून मिळत काहीच नाही, धोका मात्र खरा आहे.

ट्रिगर हलका करायच्या नादात मापाखाली गेलात तर स्पर्धेतून बाहेर, हेही लक्षात असू द्या. आंतरराष्ट्रीय नियमांत पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला ट्रिगरचा भार किमान १००० ग्रॅम लागतो (दहा मीटर एअर पिस्तुलाला ५००). तपासणीच्या टेबलावर पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवतात आणि ते टेबलावरून उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये, तीन प्रयत्नांत. मेनस्प्रिंग, सिअरची (चढलेला हॅमर अडवून धरणाऱ्या खिट्टीची) स्प्रिंग, ट्रिगरची स्प्रिंग, यातली कोणतीही बदलली की हा भार सरकतो. घरच्या वजनावर बरोबर १००० भरलं म्हणून निश्चिंत राहणारे टेबलापाशी घामाघूम झालेले पाहिले आहेत. तीस-चाळीस ग्रॅम वर ठेवलेले बरे.

राहिली मॅगझिनची स्प्रिंग. माझ्या मते तपासणी इथूनच सुरू व्हावी, कारण ती सगळ्यात जास्त राबते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. स्लाइड मागच्या टोकाला असते त्या काही मिलिसेकंदांत मॅगझिनला पुढचं काडतूस वर आणून उभं करायचं असतं. रिकॉइल स्प्रिंग जड केली की स्लाइड लवकर परतते, आणि थकलेल्या मॅगझिनला तेवढा वेळ पुरत नाही. स्लाइड काडतुसावरून तशीच पुढे जाऊन रिकाम्या चेंबरवर बंद होते. दोष रिकॉइल स्प्रिंगला दिला जातो, इलाज मात्र दुसऱ्या मॅगझिनने होतो.

आपल्या नेमबाजांच्या हातात असतं ते बहुतेक .२२ चं स्पर्धेचं पिस्तूल, आणि त्याची गोष्ट नऊ मिलिमीटरपेक्षा वेगळी आहे. त्यात नळी आणि बोल्ट (इथे स्लाइडचं काम करणारा भाग) एकमेकांत अडकत नाहीत. गोळी बाहेर पडेपर्यंत बोल्ट आपल्या वजनाने आणि थोडाफार स्प्रिंगने दाबून राहतो, एवढंच. गोळी २.६ ग्रॅमची, वेग ३३० मीटरच्या आसपास, म्हणजे संवेग नऊ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. पाव किलोचा बोल्ट धरला तर त्याच्यात दीड-दोन जूल ऊर्जा येते. मोठ्या पिस्तुलात घर्षणापायी अर्धा जूल गेला तरी पत्ता लागत नाही, इथे त्याच अर्ध्या जुलात पिस्तूल अडकतं. चेंबरमधली काजळी, मॅगझिनच्या ओठांवरचं मेण, जाड तेल, सगळं हिशोबात येतं. डिसेंबरातल्या सकाळी रेंजवर पहिल्या दहा फैरींत अडकणारं पिस्तूल ऊन वर आल्यावर गुपचूप चालू लागतं, तेव्हा स्प्रिंग बदलायची नसते, तेल बदलायचं असतं.

याच कारणामुळे .२२ मध्ये स्प्रिंग ठरवायची ती काडतूस ठरवल्यावर. परदेशातले व्यावहारिक नेमबाजीचे खेळाडू काडतूस स्वतः भरतात. त्यांच्या नियमात गोळीचं ग्रेन या इंग्रजी मापातलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले हजार, हा आकडा किमान १२५ लागतो. मग ते १४७ ग्रेनची गोळी ९०० फुटांच्या वेगाने सोडतात (१३२ भरतात) आणि त्या मवाळ काडतुसाला साजेशी हलकी स्प्रिंग निवडतात. आपल्याकडे क्रम उलटा आहे. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असला, तरी पुण्याच्या खेळाडूला स्पर्धेचं काडतूस आयातीचं लागतं, आणि हातात पडेल ते वापरावं लागतं. मग आलेल्या काडतुसाला स्प्रिंग जुळवायची. मवाळ काडतूस आणि जड स्प्रिंग एकत्र आली की रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन स्लाइडच्या फटीत उभं अडकतं. वेगवान काडतूस आणि हलकी स्प्रिंग असली की ते शेजारच्या लेनवाल्याच्या टोपीवर पडतं.

रिकामं काडतूस किती लांब पडतं यावरून अंदाज बांधायची जुनी रीत आहे. पूर्ण आकाराच्या पिस्तुलात एक ते दोन मीटर पडलं तर ठीक, त्याहून खूप लांब उडत असेल तर स्प्रिंग हलकी किंवा थकलेली, पायाशीच पडत असेल तर जड. रीत वाईट नाही, पण काडतूस फेकण्यात एक्स्ट्रॅक्टर (ते खेचणारा आकडा) आणि इजेक्टर (ते बाहेर उडवणारा खुंट) यांचाही हात असतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. शेवटच्या फैरीनंतर स्लाइड मागे अडकून राहते का, ही मला जास्त भरवशाची खूण वाटते. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचं, फैर झाडायची. स्लाइड मागे थांबली तर तिचा प्रवास पूर्ण झाला. वारंवार थांबत नसेल, आणि दुसऱ्या मॅगझिननेही तसंच होत असेल, तर स्प्रिंग त्या काडतुसाला जड आहे.

थकलेली स्प्रिंग ओळखायला वेगळी विद्या लागत नाही. नवी असतानाच मोकळी लांबी मोजून पाकिटावर लिहून ठेवायची. वर्तमानपत्रावर जुनी-नवी शेजारी ठेवली की हजारो फैरींनंतरचा फरक कॅलिपरशिवायही दिसतो, जुनी दोन वेढ्यांनी आखूड भरते. काही मिलिमीटर ती पहिल्या शे-दोनशे फैरींतच बसते, तेवढं चालायचंच, पुढे मात्र हळूहळू घटत जाते. साधी म्युझिक वायरची स्प्रिंग पुण्याच्या पावसाळ्यात तेलाविना ठेवली तर गंजाचे ठिपके धरते आणि तार तिथूनच तुटते. क्रोम सिलिकॉनची तार जास्त टिकते, पण तिलाही तेलाचा हात लागतोच.

बदल कोणी करायचा? पिस्तूल उघडून साफ करणं आणि कंपनीने दिलेली त्याच मापाची स्प्रिंग घालणं वेगळं. मेनस्प्रिंग, सिअर, फायरिंग पिन यांच्यात फेरफार ही वेगळी गोष्ट. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रांची दुरुस्ती आणि बदल करून द्यायला परवाना लागतो, आणि शस्त्रांचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात. तेव्हा ही कामं परवानाधारक कारागिराकडे, किंवा संघाच्या आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे. इंटरनेटवरून परस्पर भाग मागवायच्या आधी आपल्या क्लबच्या सचिवांना विचारावं.

कारागिराकडे जाताना "हलकी करून द्या" एवढंच सांगू नका. कोणतं काडतूस वापरता, ट्रिगरचा भार आत्ता किती आहे, पिस्तूल कुठे अडकतं, साफ असताना की शंभर फैरींनंतर, हे सांगा. पिस्तूल मूळ स्प्रिंगवर आणून सुरुवात करावी, मॅगझिन चांगलं असल्याची खात्री करावी, आणि एका वेळी एकच स्प्रिंग, एकेका पाउंडाने बदलावी. खाली जात जात एका टप्प्यावर स्लाइड आळसाने बंद व्हायला लागते, वर जात जात एका टप्प्यावर ती पुरती मागे जाईनाशी होते. या दोन्हींच्या मधली तीन-चार पाउंडांची पट्टी आपली. त्या पट्टीत मी हलक्या बाजूला झुकतो, कारण परतीला तोंड कमी झुकतं. पण चाचणी घ्यावी ती एका हाताने, स्पर्धेत जसं धरतो तसंच. दोन हातांच्या घट्ट पकडीत फ्रेम जागची हलत नाही आणि स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळतो. एका हातात मनगट थोडं मागे जातं, फ्रेमही स्लाइडबरोबर सरकते, आणि दोन हातांनी बिनबोभाट चालणारी स्प्रिंग तिथे अडकू शकते. सरावाच्या शेवटी, हात थकलेला आणि पिस्तूल काळवंडलेलं असताना, दहा-दहा फैरींच्या काही मालिका झाडून बघाव्यात. त्यात अडकलं तर आणखी एक पाउंड उतरायचा.